संक्रांतीला त्याला फडात पाठवू नको

प्रिय पोरी,

तुझी ऊसतोडीवरची कथा वाचली. उसाचा फड, पाचटाची कोपी, पहाटेचं दहिवर, मजूर नेणाऱ्या मुकादमाची बोलणी हे तुला कुणी शिकवायची गरज नाही. दसरा सरला की तुमच्याच गावातून गाड्या भरून निघतात. माझं भांडण सातव्या पानाशी आहे. २० नोव्हेंबरला कानशीनं धार लावताना कोयता निसटतो, डाव्या तळव्यावर बोटांच्या मुळाशी आडवा घाव बसतो, आणि संक्रांतीला गडी पुन्हा ऊस तोडतोय! वर मला विचारतेस, ‘मोबाइलवर कुठं दोन आठवडे लिहिलंय, कुठं तीन महिने. काय धरू? आणि तो एवढे दिवस बसून राहिला तर कथा थांबेल ना?’

तारीख घाल. प्रत्येक प्रसंगाच्या समासात तारीख घाल, मग बोलू.

दोन्ही आकडे खरे आहेत. कातडीचे टाके दोनेक आठवड्यांत निघतात. पण तळव्याच्या कातडीखाली लगेच बोटं वाकवणाऱ्या शिरा असतात, रक्ताच्या नव्हेत, स्नायूंच्या दोऱ्या. त्या तुटल्या की टोकं आत ओढली जातात. वरून हळद दाबली, कुणी नुसती कातडी शिवून दिली, जखम भरली, तरी बोटं सरळच्या सरळ राहतात. तू तर नायकाला त्याच रात्री मूठ वळून शिवी द्यायला लावलीस. कशानं वळली मूठ?

समज, वेळेत मोठ्या दवाखान्यात नेलं आणि शिरा जोडल्या. हाताच्या पाठीवरून कडक पट्टी, मनगट अन् बोटं वाकवलेली. ती साधारण सहा आठवडे, म्हणजे १ जानेवारीपर्यंत. मधल्या काळात हात अगदी गप्प ठेवला तर शिरा आजूबाजूला चिकटतात, आणि जोर लावला तर जोड तुटतो. म्हणून फिजिओथेरपिस्ट सांगेल तेवढीच हालचाल. ओझ्याचं काम तीन महिन्यांपर्यंत नाही, म्हणजे २० फेब्रुवारीपर्यंत. संक्रांतीला त्याच्या तळव्यावर तिळगूळ ठेव. ‘उजवा हात धड आहे की’ म्हणू नकोस. ऊस डाव्या हातानं आवळून धरल्याशिवाय उजव्याचा कोयता काय हवेत मारणार?

आणि संवेदनेची नस कापली असेल तर ती जोडल्यावर दिवसाला एखादा मिलिमीटर वाढते. तळव्यापासून बोटाच्या टोकापर्यंत महिने जातात. त्या महिन्यांत तो चुलीवरचं जर्मनचं पातेलं धरतो आणि बोट भाजल्याचं त्याला फोड आल्यावर कळतं. थंडीत तोच हात ठणकतो. तू मात्र लिहिलंस, ‘वेदना असह्य झाल्या’. अगं, न दुखणारं बोट लिही!

कथा थांबेल म्हणतेस. अगं, कथा तिथंच सुरू होते. मुकादमाच्या हिशेबात नवराबायको मिळून एक कोयता. नवरा बसला की राहिला अर्धा कोयता. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मात्र पूर्ण घेतलेली. खाडा पडला की दंड. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर आता कोण चढतं? नवऱ्याच्या चड्डीची नाडी कोण बांधतं, आणि तेव्हा तो कुठं बघतो? बाकी पुढच्या हंगामावर गेली की त्याची चिडचीड कुणावर निघते? तारखा घातल्या असत्यास तर ही बाई तुला दिसली असती. आत्ता ती तीन ओळींत भाकरी थापून गायब होते.

हे मी उगं चिडून सांगत नाही. माझ्या कादंबरीतला मांडीचं हाड मोडलेला माणूस अर्धं पुस्तक खाटेवर आहे. प्रकाशक म्हणाले, कापा. नाही कापलं. हस्तलिखित परत आलं, पुस्तक फार उशिरा निघालं, आणि ज्या म्हातारीनं नवऱ्याची सेवा कशी केली ते मला बारकाईनं सांगितलं होतं, ती तोवर गेली. ती खंत आहे. पानं न कापल्याची नाही. ‘रेंगाळते’ म्हणाले लोक. मांडीचं हाड जुळायला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. रेंगाळणार नाही तर काय करेल? आजही कापणार नाही.

मोबाइल ठेव बाजूला. अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयात जा, नाहीतर संभाजीनगरला घाटी रुग्णालयात. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांच्या मागं लागू नकोस, त्यांच्याकडं वेळ नसतो. फिजिओथेरपी विभागात परवानगी मागून बाकावर बस. पेशंटला ‘कसं वाटतं’ विचारू नकोस, ‘सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय अडतं’ विचार. सोबतच्या बाईशी जास्त बोल. वहीत नावं लिहू नकोस, तारखा लिही.

जेवून जात जा मात्र, तिथं दिवस जातो. एसटीचे पैसे लागले तर सांग, संकोच करू नकोस.

पुढचा खर्डा समासात तारखा नसतील तर पाठवूच नको, मी उघडणार नाही. आणि मुकादमाचं नाव बदल. त्या नावाचा खरा मुकादम तुमच्या शेजारच्या वाडीत आहे आणि तो वाचतो.

तुझा,
सर