वाचकांचे प्रश्न : विश्वास नसताना विधी का भावतो?

प्रश्न : कर्मकांडावर माझा विश्वास नाही, तरीही रामकुंडावर वडिलांच्या अस्थींचे विसर्जन केल्यावर मन हलके झाले. असे का व्हावे? पुढच्या पिढीत हे टिकेल का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : विधीचा परिणाम होण्यासाठी विश्वास असावाच लागतो असे नाही. दुःखात मन सैरभैर होते, आणि अशा वेळी ‘दर्भ धरा, तीळ सोडा, पाण्यात उतरा’ असे कोणी सांगितले की हातांना काम मिळते व पुढे काय करायचे हा विचार काही काळ थांबतो. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांना पॅसिफिक महासागरातील ट्रोब्रिअंड बेटांवर आढळले, की शांत खाजणातील मासेमारीला मंत्रतंत्र लागत नसत, पण खुल्या समुद्रातील धोक्याच्या मासेमारीभोवती त्यांचे मोठे प्रस्थ होते. म्हणजे जिथे अनिश्चितता, तिथे विधी.

अनिश्चितता संपणार नाही, त्यामुळे विधीही संपतील असे वाटत नाही. त्यांचे रूप बदलेल. काही घरांत आजच रक्षा शेतात, झाडाच्या मुळाशी घालतात. मुलांना मात्र नुसते बघे म्हणून उभे करू नका, त्यांच्या हातीही पळी द्या.