कारण बारीक ठेव

प्रिय पोरा,

तुझ्या मीमच्या ओळी मिळाल्या. डोळे डबडबलेल्या त्या मांजराच्या फोटोवर तू लिहिलंयस, "जेव्हा आयुष्यात सगळं संपतं." आणि वर मला विचारतोस, "काका, लोक हसत का नाहीत?"

अरे, हसायचं कशाला? मांजर रडतंय, तूही रडतोयस. बघणाऱ्यानं काय रुमाल काढायचा?

रडायचं काम फोटोनं आधीच केलंय. ओळीनं फक्त कारण सांगायचं, आणि ते कारण बारीक पाहिजे. चेहऱ्यावर डोंगराएवढं दुःख, आणि ओळ एवढीच: "मिसळीला दुसऱ्यांदा कट मागितला. संपला." बास. अर्धा पाव हातात धरून बसलेला माणूस वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. "पाव हातातच राहिला आणि मन भरून आलं" असं पुढं लिहिलंस की गेला तो.

2019 च्या वर्ल्ड कपमधला जाकिटातला पाकिस्तानी प्रेक्षक तुझ्या फोनमध्ये असेलच. कमरेवर हात, आणि तोंड असं की राहतं घर लिलावात गेलंय. झालं काय होतं? 12 जूनला टाँटनला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मॅचमध्ये आसिफ अलीनं वॉर्नरचा झेल सोडला. वॉर्नरचं शतक आधीच झालेलं, पुढं 107 वर तो गेलाही. म्हणजे झेल तसा महागसुद्धा पडला नाही. पण तोंड बघ! एवढ्याशा झेलाला एवढं तोंड, म्हणून तो फोटो जगभर फिरला. बास्केटबॉलवाल्या मायकेल जॉर्डनचं रडणं तर 2009 मधलं, हॉल ऑफ फेममध्ये त्याचा सन्मान होतानाचं. हरलेला नव्हताच तो. लोकांनी ते तोंड उचललं आणि हरलेल्यांच्या धडावर बसवलं. तेव्हा मांजर खरं कशानं रडत होतं, हे शोधत बसू नकोस. कारण तू द्यायचंस. बारीक द्यायचंस.

आता ती एमपीएससीची ओळ. "पाचव्यांदा प्रिलिम गेली." खरी आहे, तुझ्या जिवाभावाच्या दोस्ताची आहे, आणि म्हणूनच त्यात विनोद नाही. कारण मोठं झालं की मीम उरत नाही, कुणाच्या तरी घरची बातमी होते. तीच अशी करून बघ: "पेपर सोपा गेला. सगळ्यांनाच." प्रिलिम दिलेला प्रत्येक जण हसेल, तुझा दोस्तही. तरी टाकायच्या आधी त्याला दाखव.

ओळ वर असली की नजर ती वाचून खाली चेहऱ्यावर येते. म्हणून शेवटचा शब्द चेहऱ्याला चिकटलेला हवा. "संपला", की लगेच मांजर. तू "संपला ना राव, काय सांगू" करतोस, मग तेवढे शब्द मधेच लोंबकळत राहतात. "जेव्हा तुमचा", "जेव्हा तुम्ही" हे सगळं खोडून टाक, कुणाचं काही अडत नाही. आणि हसून हसून रडणाऱ्या इमोजींची ती रांग काढ आधी. किती वेळा सांगायचं?

तू म्हणशील, मोठ्या गोष्टींवर लिहायचंच नाही का? लिही की. 2019 च्या ऑगस्टात आपल्या कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 55 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 43. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली. मंडळाच्या ग्रुपवर एकानं रडका फोटो टाकला आणि म्हणाला, "पुरावर कायतरी लिहा की." मी म्हटलं, पुरावर लिहिणार नाही. शिष्ट म्हणाले, म्हातारा झाला म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: "तीन जिने चढवून फ्रीज वर नेला. वर लाईट नाही." ज्यांच्या खालच्या खोल्यांत पाणी होतं, तेच पहिल्यांदा हसले.

ह्याला काही जण माझा हेका म्हणतात. असू दे. तालमीच्या फळ्यावर खडूनं लिहायचो तेव्हाही हेच. शाहू स्टेडियमवर आपली फुटबॉलची टीम हरली की सगळ्यांना रेफ्रीवर जळजळीत काहीतरी हवं असायचं. मी एकदा लिहिलं, "हाफ टाइमचे वडे गार होते." रात्रीत आपल्याच पोरांनी फळा पुसला. सकाळी मी तीच ओळ परत लिहिली. ह्यात माझं काय चुकलं, मला आजही कळलेलं नाही. टीम हरल्याचं अख्ख्या पेठेला माहीत होतं, गार वड्यांबद्दल कोण बोलत होतं? वाईट एवढंच वाटतं की त्या ओळींचे फोटो राहिले नाहीत. तेव्हा तसले फोन नव्हते, आणि फोन आले तोवर फळ्याच्या जागी फ्लेक्स आला. त्याच्यावर चाळीस चेहरे मावतात, एक ओळ मावत नाही.

पुण्याच्या त्या एजन्सीत जायचं का, हे मला विचारू नकोस. जायचं तर जा. तिथं तुला ओळ लांबवायला सांगतील, समजावून लिही म्हणतील, शेवटी ब्रँडचं नाव घाल म्हणतील. भांड. दोन वेळा तरी भांड.

तांबडा रस्सा खाऊन रडणाऱ्या पाहुण्याची ओळ मात्र सरळ काढून टाक. ती आपण गावाबाहेरच्यांसाठी इतकी वाजवलीय की आता तिचा आवाजही येत नाही. परवा डब्यात सलग तिसऱ्या दिवशी दोडका निघाला, तेव्हा फोनवर मला काय म्हणालास आठवतंय का? "काका, मी झाकण परत लावलं." ते अजून लिहिलेलं नाहीस. शुक्रवारच्या आत तेवढं लिहून पाठव, इमोजी न घालता.

तुझा,
काका