मिनियापोलिसहून एका दिवसात लेक सुपीरियर: आई-बाबा आणि मुलांना घेऊन काय पाहावं?

जुलैत आई-बाबा येतायत, घरात दोन लहान मुलं आहेत, आणि सकाळी निघून रात्री परत यायच्या बेतात लेक सुपीरियरकाठचं डुलुथ शहर, गूजबेरीचे धबधबे, स्प्लिट रॉकचं दीपगृह आणि जमलं तर टेटागूश स्टेट पार्क, एवढं सगळं बसेल का, असं तुम्ही विचारलंय. बसेल, पण कृपा करून बसवू नका.

हिशोब बघा. मिनियापोलिस ते डुलुथ सुमारे 250 किलोमीटर, अडीच तास. तिथून स्प्लिट रॉक आणखी 75 किलोमीटर. जाऊन-येऊन सात तास गाडीतच जातात, आणि त्यात मुलांचं थांबणं, बाबांचा चहा, कुणाचे गुडघे मोकळे करणं धरलेलं नाही. आई-बाबा इतक्या लांबून येणार आणि त्यांना तळं दिसणार ते गाडीच्या काचेतून! आम्ही उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन जातो तेव्हा डुलुथ, ब्रायटन बीच आणि सगळ्यांना उत्साह असेल तर गूजबेरी, एवढंच ठेवतो. सगळ्यात जास्त वेळ पाण्याकाठी बसायला.

सकाळी पहिल्यांदा डुलुथचं कॅनॉल पार्क. तिथला उचलता पूल 1905 सालचा. सुरुवातीला तो उचलला जात नसे. वर आडव्या सांगाड्याला टांगलेल्या डब्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे नेत. 1930 मध्ये त्याचं रूप बदललं आणि आता मधला पूर्ण रस्ता सरळ वर जातो, 40 मीटरच्या आसपास. खालचा कालवा जेमतेम 90 मीटर रुंद, आणि त्यातून येणारी काही जहाजं 300 मीटर लांब असतात. धक्क्याच्या कठड्याशी उभं राहिलं की जहाजाची पोलादी भिंत समोरून सरकत जाते, जहाज भोंगा देतं आणि पूलही भोंग्यानंच उत्तर देतो. मुलांना कानावर हात ठेवायला आधीच सांगा. ही जहाजं बहुतेक मिनेसोटाच्याच खाणींतलं लोहखनिज ग्रेट लेक्समधल्या खालच्या सरोवरांकाठच्या पोलाद कारखान्यांकडे नेतात. पुलाशेजारी जहाजांचं छोटं संग्रहालय आहे, तिथे तिकीट नाही, आणि कुठलं जहाज कधी येणार तेही कळतं. माझ्या मते डुलुथचं खरं आकर्षण हेच. दुकानं पाहिली नाहीत तरी चालेल, जहाज चुकवू नका.

मग ब्रायटन बीच. शहराच्या ईशान्य टोकाला, पाण्यालगत, काळ्या खडकांचा किनारा. डबा इथेच उघडा. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी आणि थर्मासभर चहा नेतो. सीगल फार धीट असतात, डबा झाकून ठेवा.

आई-बाबांना समोर काय आहे तेही सांगा. हे सरोवर सुमारे 82,000 चौरस किलोमीटर पसरलंय, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून मोठं, आणि सगळ्यात खोल जागी 400 मीटरहून जास्त खोल. गोड्या पाण्याचं याहून मोठ्या पसाऱ्याचं तळं जगात नाही. लाटा येतात, क्षितिज दिसतं, पण खारा वास नाही. कोकणातल्या माणसाला हे पचायला थोडा वेळ लागतो.

माझे वडील साताऱ्याकडचे. पाण्यापेक्षा त्यांचं लक्ष दगडांकडे गेलं. एक धोंडा हातात घेऊन म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडचाच काळा पत्थर!" त्यांचं बरोबर होतं. हाही लाव्हाचाच बेसाल्ट, फक्त आपल्या सह्याद्रीपेक्षा कितीतरी जुना. सह्याद्रीचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हा 110 कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत सिलिकाचे थर बसत गेले आणि अकीक, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचे अगेट दगड, तयार झाले. इथल्या अकीकाला लोहामुळे तांबडा-तपकिरी रंग येतो. आपल्याकडच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांतही असेच सुंदर स्फटिक सापडतात. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय त्यांचंच आहे. आई-बाबांनी ते पाहिलं असेल तर नातवंडांना गोष्ट सांगायला विषयच मिळाला. मुलांना तांबडे पट्टे शोधायला लावा, तास कसा जातो कळत नाही. पण स्टेट पार्कमधून दगड घरी नेता येत नाहीत. गूजबेरीला गेलात तर हातात घ्या, पाहा आणि तिथेच ठेवा.

थंडीबद्दल मात्र नीट ऐका. या पाण्याचं वर्षाचं सरासरी तापमान 4 अंशांच्या आसपास असतं. वारा तळ्यावरून आला की जुलैतही काठावर हुडहुडी भरते, मिनियापोलिसला घाम फुटत असला तरी. प्रत्येकाला जाकीट, आईला शाल आणि कानटोपीसुद्धा. ब्रायटन बीचला पाय बुडवण्यापुरतंच. ओले खडक निसरडे असतात, आई-बाबांना हाताला धरा. मुलांना वाळूच हवी असेल तर पुलापलीकडे पार्क पॉइंट आहे, लांबच लांब वाळूचा पट्टा. पण ईशान्येचा वारा असेल तेव्हा तिथे आत ओढणारे प्रवाह तयार होतात, म्हणून धोक्याचा इशारा आहे का ते पाहूनच पाण्यात सोडा.

दुपारी गूजबेरीला जायचं की नाही, ते आई-बाबांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा. डुलुथहून पाऊण-एक तास लागतो. मधल्या धबधब्यापर्यंतची वाट सोपी, फरसबंदीची आहे.

स्प्लिट रॉक मुक्कामी याल तेव्हासाठी ठेवा. 1905 च्या नोव्हेंबरातल्या वादळात जहाजांची फार हानी झाली, त्यानंतर ते दीपगृह बांधलं आणि 1910 मध्ये ते उजळलं. तेव्हा तिथवर रस्ताही नव्हता, सामान बोटीनं आणून कड्यावर ओढून घेतलं. 1969 मध्ये ते बंद झालं, पण दर 10 नोव्हेंबरला दिवा लावतात, 1975 मध्ये याच सरोवरात बुडालेल्या एडमंड फिट्झजेराल्ड जहाजावरच्या 29 जणांसाठी. अशी जागा घड्याळाकडे बघत उरकू नये.

जुलैत सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तेव्हा सहा-साडेसहाला निघालात तरी बराचसा रस्ता उजेडात होतो. अंधार पडल्यावर हरणं आडवी येतात. जहाजांचं वेळापत्रक आदल्या रात्री बघा आणि सकाळी निघताना पुन्हा एकदा बघा, वेळ मागेपुढे होत राहते.