शेवटून दुसरी ओळ

"ताई, मी २० वर्षांची. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भौतिकशास्त्र. रोड सायकलिंगच्या स्पर्धा खेळते. सीझन संपलाय, पुढची शर्यत पाच महिन्यांनी. सरांनी आठवड्याला १५ तासांचा प्लॅन दिलाय. पहाटे सव्वाचारला उठून राइड, मग कॉलेज, प्रॅक्टिकल, आणि झोपायला साडेअकरा. लेक्चरला डोळे मिटतात. दोन विषय राहिले. सायकलवर असले की पुस्तक आठवतं आणि पुस्तक उघडलं की वाटतं, बाकीच्या आत्ता ट्रेनिंग करत असतील. एवढं करूनही चढावर मागच्या वर्षीएवढी पॉवर निघत नाही. हल्ली वजन उतरलंय आणि तीन महिने पाळी आलेली नाही, ते टेन्शनमुळे असेल. दोन्ही सांभाळून कुणी वर आलंय का, की एक सोडावंच लागतं?"

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा शेवटून दुसऱ्या ओळीवर अडले. तू ती जाता जाता लिहिलीस. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे.

तीन महिने पाळी न येणं हे डॉक्टरकडे जाण्याचं कारण आहे, आणि ते याच आठवड्यात. त्यामागे बरंच काही असू शकतं, ते तपासण्या करून डॉक्टर ठरवतील. पण कमी झोप, उतरलेलं वजन आणि पायांतून गेलेला जोर हे सगळं एकत्र आलं की खेळाडूच्या बाबतीत एक शंका आधी येते. शरीर जेवढं खर्च करतंय, तेवढं त्याला मिळत नाहीये. असं बरेच दिवस चाललं की शरीर आपलं आपण काटकसर करायला लागतं. पाळी थांबते, हाडं झिजायला लागतात, साधं दुखणंही लवकर बरं होत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला 'रेड-एस' असं नाव दिलं. मुलांनाही ती होते, फक्त त्यांच्यात पाळीसारखी ठळक खूण नसते. सायकलिंगमध्ये तर जास्तच जपायला हवं, कारण पळताना हाडांवर जसा भार येतो तसा सॅडलवर बसून येत नाही. डॉक्टरांना आठवड्याचे तास, झोप आणि दिवसभरात काय नि किती खातेस, हे सगळं सांग. त्यांचं मत कळेपर्यंत इंटरव्हल, म्हणजे मध्ये मध्ये दम घेत पूर्ण जोराने मारायचे टप्पे, बंद.

तुला हे किती जड जाईल ते मला माहीत आहे. मीही कॉलेजात असताना शर्यती खेळायचे. एकदा पहाटेच्या राइडवरून आले, जिन्यात बसून एक बूट काढला आणि दुसऱ्याच्या पट्ट्यावर हात तसाच ठेवून झोपले. आईने उठवलं तेव्हा पहिलं लेक्चर संपून गेलं होतं. मला त्याचा अभिमान वाटला होता गं! मेहनत म्हणजे हीच, असं वाटायचं. त्या वर्षी माझी एकही शर्यत चांगली झाली नाही. का, ते कळायला मला फार वेळ लागला.

तू झोपतेस पावणेपाच तास. ट्रेनिंगने पायांवर ताण पडतो, पण पाय तयार होतात ते विश्रांतीत. दिवसभर वाचलेलंही डोक्यात नीट बसतं ते झोपेतच. म्हणजे तुझी दोन्ही कामं एकाच ठिकाणी अडलीत. सव्वाचारचा गजर आजच काढून टाक. आठ तास झोप आधी धर आणि उरलेल्या वेळात काय बसतं ते बघ.

१५ तास बसणार नाहीत, आणि आत्ता ते बसायची गरजही नाही. १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही जणांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं कसून व्यायाम करून घेतला. मग काहींचे दिवस कमी केले, काहींची मिनिटं, तर काहींचा जोर. आठवड्यातून दोनच दिवस व्यायाम करणाऱ्यांचीही ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पुढचे १५ आठवडे टिकली, कारण त्या दोन दिवसांचा जोर तोच होता. जोर कमी केलेल्यांची मात्र घसरली. ही माणसं काही अव्वल शर्यतपटू नव्हती, आणि मिनिटं फारच कमी केलेल्यांचा लांब पल्ल्याचा दम थोडा गेला, हेही खरं. पण सेमिस्टर संपेपर्यंत तुला टिकवायचंच आहे, वाढवायचं नाही.

म्हणून डॉक्टरांनी हो म्हटल्यावर: आठवड्यात दोन दिवस घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर) तासभर, त्यात इंटरव्हल. रविवारी अडीच-तीन तासांची राइड, सलग वाक्यं बोलता येतील इतकी सावकाश. दोनदा जिम, चाळीस-चाळीस मिनिटं, वजनं उचलून. त्याने पायही बळकट होतात आणि हाडांना हवा तो भार मिळतो. बाकी सकाळी राहिलेले दोन विषय, ताज्या डोक्याने. परीक्षेच्या आठवड्यांत इंटरव्हलही नकोत, पाय मोकळे होतील इतकंच चालव. आणि स्ट्राव्हा, ते राइड्स नोंदवून सगळ्यांना दाखवणारं ॲप, फोनमधून काढ. दुसरीने आज किती किलोमीटर मारले ते दिसतं, ती किती झोपली आणि तिचे किती विषय राहिलेत ते दिसत नाही.

कुणी वर आलंय का, असं विचारलंस. ॲना किसेनहोफर. ऑस्ट्रियाची, गणितात पीएच.डी. २०१७ साली एका व्यावसायिक संघात गेली, तिथून बाहेर पडली, काही काळ स्पर्धांपासून लांब राहिली आणि मग परतली. २०२१ साली टोकियो ऑलिम्पिकच्या रोड रेसला उभी राहिली तेव्हा ती विद्यापीठात गणिताचं संशोधन करत होती आणि तिच्याकडे कुठल्याही संघाचा करार नव्हता. १३७ किलोमीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच निसटली आणि सव्वा मिनिटाच्या फरकाने सुवर्णपदक घेऊन गेली. तू तिच्यासारखी होशील असं वचन मी देऊ शकत नाही. पण लांब राहून परत येता येतं, हे तिच्याकडे बघून नक्की सांगते.

आता सरांचं. त्यांचा प्लॅन वाईट नाही, पण तुझ्या पत्रातलं निम्मं तरी त्यांना माहीत आहे का? त्यांना आज एवढंच पाठव: "सर, मी पावणेपाच तास झोपतेय, दोन विषय राहिलेत आणि तब्येतीसाठी डॉक्टरांकडे जातेय. सेमिस्टर संपेपर्यंत मला सहा-सात तासांचा प्लॅन हवाय. तोही डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सुरू करीन." पाळीबद्दल त्यांना सांगायचं की नाही ते तू ठरव. डॉक्टरांना मात्र सांगायचंच. तारीख कुठली मिळाली ते मला कळव, मी वाट बघते आहे.

तुझी ताई