शेतातल्या जुन्या माळवदाच्या (मातीच्या सपाट छताच्या) घराची फुगलेली भिंत उतरवली तर छत खाली येईल का?

भिंतीला लागून लाकडी खांब असतील तर येणार नाही. सोलापूरकडच्या अशा घरांत छतावरच्या मातीचा भार कड्यांवर (छताखालच्या बारीक आडव्या लाकडांवर), कड्यांवरून तुळईवर आणि तुळईवरून खांबाखालच्या दगडी उथळ्यावर उतरतो. भिंत मुख्यतः आडोसा आणि बाजूचा आधार देते. १९९३च्या किल्लारी भूकंपातही काही घरांच्या भिंती ढासळल्या, पण लाकडी सांगाडा उभा राहिला. मात्र तुळईचं किंवा कड्यांचं टोक थेट भिंतीत घुसलेलं असेल तर तो भाग भिंतीवरच आहे, आधी टेकू द्या. फूटभर जाडीची कोरडी मातीसुद्धा चौरस मीटरला साडेचारशे-पाचशे किलो भरते, भिजली की आणखी जड, म्हणून हे काम पावसाळ्यात नकोच.

- भिंतीत गाडलेला खांब बुडाशी आणि तुळईचं टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहा. सहज आत गेला तर लाकूड वाळवीने किंवा ओलीने गेलंय.
- टेकू जाड फळीवर, थेट तुळईखाली लावा.
- भिंत वरून खाली, दोन-तीन फुटांच्या टप्प्यांत उतरवा. बुडातून दगड काढू नका.

नव्या भिंतीत खांब सिमेंटने लिंपू नका. ओल कोंडते आणि चांगलं सागवानसुद्धा कुजतं.