रिव्ह्यू लिहिला म्हणून बदनामीची नोटीस आली, काय करू?

प्रश्न: मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन करून घेतलं. कंत्राटदार ४.८ स्टार पाहून निवडला, बिल २,४०,०००. कोटेशनमध्ये मरीन प्लाय (पाण्यात टिकणारा) लिहिला होता. चार महिन्यांत सिंकखालचं कपाट फुगलं. मी रिव्ह्यू टाकला, ‘हे चोर आहेत, मरीनच्या नावाखाली साधा प्लाय लावतात.’ आता वकिलाची नोटीस आली आहे : रिव्ह्यू काढा, १० लाख द्या, नाहीतर जेल.

उत्तर: नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. बदनामी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते आणि अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत. कंत्राटदाराला मॅजिस्ट्रेटकडे तक्रार करावी लागेल, आणि कोर्टाने दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं जाईल. लोकहितासाठी सांगितलेलं सत्य आणि सद्भावनेने दिलेला इशारा हे या कलमाचे अपवाद आहेत. पण ते सिद्ध तुम्हाला करायचंय, आणि ‘चोर’ हा शब्द तिथे अडचणीचा.

आधी मूळ रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. मग ‘चोर’ काढा आणि घडलं तेवढंच लिहा : कोटेशनची तारीख, त्यातला प्लाय, कपाट कधी फुगलं. रिव्ह्यू पूर्ण काढायची गरज नाही. नोटिशीला मुदतीत वकिलामार्फत उत्तर द्या.

‘साधा प्लाय’ हे मात्र अजून सिद्ध झालेलं नाही. फुगलेलं कपाट एवढा पुरावा पुरत नाही. सिंकचा पाइप गळत होता, असं समोरचा म्हणणारच, आणि कडेला एज बँडिंग (कड झाकणारी पट्टी) नीट नसेल तर चांगला प्लायही पाणी पितो. प्लंबरकडून गळती तपासून घ्या. सुताराला पॅनेल उघडायला सांगा; मरीन प्लायवर आयएस ७१० चा शिक्का असतो, घरगुती वापराच्या एमआर (ओलावा सोसणाऱ्या) ग्रेडवर आयएस ३०३ चा. फोटो काढा, तुकडा जपून ठेवा. दुरुस्तीच्या घाईत लोक हाच पुरावा भंगारात देतात! व्हॉट्सॲपवरचं बोलणं सादर करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागेल.

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. दाद मिळाली नाही तर मुंबई उपनगर जिल्हा ग्राहक आयोगात जा. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

त्या ४.८ स्टारबद्दल. एकाच आठवड्यात आलेले, मजकूर नसलेले पाच स्टार दिसले तर आजच स्क्रीनशॉट घ्या. विकत घेतलेले रिव्ह्यू अनुचित व्यापारी प्रथेत मोडतील, पण पैसे कुणी दिले हे दाखवणं अवघड, म्हणून हा मुद्दा तक्रारीत दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आयएस १९०००:२०२२ हे ऑनलाइन रिव्ह्यूंचं मानक ऐच्छिक आहे, त्यावर दंड होत नाही. किचनसाठी वर्षभरानंतर लिहिलेला, सिंकखालचा फोटो असलेला एक रिव्ह्यू मी शंभर स्टारांपेक्षा मोठा मानतो. आयोगात मात्र कोटेशनमधला प्लायचा ग्रेड, ब्रँड आणि जाडी हेच चालतं.

एक चूक अजिबात करू नका : ‘पैसे परत दिले तर रिव्ह्यू काढतो’ असा मेसेज पाठवू नका. त्यावरून तुमच्यावरच खंडणीचा आरोप होऊ शकतो. तडजोड झालीच तर लेखी करा. आधी कपाट बदलून घ्यायचं, मग तुम्ही रिव्ह्यूत तसं नोंदवायचं.