हवापालटाला आलेली नायिका

प्रश्न : माझं वय ३८. दोन वर्षांपूर्वी घटस्फोट झाला. त्यानंतर महिनाभर गुहागरजवळ मावशीकडे राहिले आणि खरोखर सावरले. त्या अनुभवावर कादंबरी लिहिते आहे. नायिका पुण्याहून कोकणात जाते, एका आंबा बागायतदाराच्या प्रेमात पडते आणि हळूहळू बरी होते. अकरा प्रकरणं झाली आहेत. मैत्रिणीने वाचून सांगितलं, ‘गोड आहे गं, पण जाहिरात बघितल्यासारखं वाटतं.’ कुठे चुकतंय? पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवते.
– एक वाचक, पुणे

तीन प्रकरणं वाचली. त्यांत तुमच्या नायिकेने नऊ वेळा चहा घेतला आहे. मी मोजले. तो कुणी केला, हे एकदाही कळलं नाही. कप आपोआप झोपाळ्यापाशी येतो, वाफ निघते, समोर समुद्र. मैत्रीण म्हणते ती जाहिरात हीच.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, हवापालट. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, १९४३ साली सापडलं. त्याआधी डॉक्टरांच्या हातात होतं काय? मोकळी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. म्हणून ऐपत असलेले पाचगणीला, मिरजेच्या आरोग्यधामात वगैरे जाऊन महिनोन्‌महिने पडून राहत. व्हरांड्यात आरामखुर्ची, पायांवर शाल. पुढे क्षयावर औषध मिळालं, पण ती खुर्ची गोष्टींतून काही हलली नाही. तुमच्याकडे तिचा झोपाळा झाला आहे, एवढंच. शाल तर तशीच आहे, दुसऱ्या प्रकरणात, फिक्या निळ्या रंगाची.

आता माझं सांगते, कारण सल्ला देणाऱ्याने आधी स्वतःची झाकली मूठ उघडावी. १९७९ साली माझं पहिलं मूल पोटातच गेलं. सासूबाईंनी मला आत्याकडे पाठवलं, गुहागर तालुक्यातच. वैशाख होता. दोन दिवस आत्याने मला काही म्हणजे काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पडवीत रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, टोपली आणून आपटली आणि म्हणाली, “नुसती बसून काय करत्येस? फोड.”

रातांबा फोडायचा, बिया वेगळ्या काढायच्या. त्यांचं पुढे मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप होतं, फुटलेल्या टाचांना लावायला. सालं उन्हात टाकायची. रसात मीठ घालून त्यात ती सालं पुन्हा बुडवायची, पुन्हा वाळवायची. याला पुट देणं म्हणतात. अशी पुटावर पुटं देत गेलं की लाल सालांची काळपट, लवलवीत सोलं, म्हणजे आमसुलं होतात. माझे हात मनगटापर्यंत जांभळे झाले होते, नखांच्या कडा तर पुण्याला परत आल्यावरही तशाच. रस डोळ्यात उडायचा आणि भयंकर झोंबायचं. त्यामुळे रडायची मुभा मिळाली. कुणी विचारलं तर रातांबा होताच.

आठव्या दिवशी दुपारी वळीव आला. सगळ्या खळ्यात चटया आणि सुपं पसरलेली आणि आत्या विहिरीवर. मी एकटी धावत सुटले. तेवढ्यात शेजारचा मुलगा गडग्यावरून उडी मारून आला, एक अक्षर न बोलता चटईची दोन टोकं धरून उभा राहिला आणि माझ्याकडे नुसतं बघितलं – उचल ना! आम्ही दोघांनी सगळं पडवीत ओढलं. एक सूप भिजलं. त्या एका सुपासाठी आत्याने मला सणसणीत बोलून घेतलं. घरात मूल गेल्यापासून सगळे माझ्याशी कुजबुजल्यासारखे बोलत होते. मोठ्या आवाजात रागावणारी ही पहिलीच. त्या रात्री मी पोटभर जेवले.

तुमच्या नायिकेवर गावात अजून कुणी रागावलेलं नाही. कुणाचं तिच्यावाचून अडलेलंही नाही. मग ती बरी कशाने होते? वाऱ्याने? मावशीकडे तुम्ही महिनाभर नक्कीच काहीतरी केलं असणार. नारळ सोलले असतील, मावशीची औषधं आणली असतील, बँकेत जाऊन तिचं पासबुक भरून आणलं असेल. ते कादंबरीतून का गाळलंत?

आता नायकाकडे येते. हा बागायतदार मे महिन्यात तिला रोज संध्याकाळी समुद्रावर फिरायला नेतो. अहो, मे महिन्यात? हापूसवाल्याला एप्रिल-मेमध्ये मान वर करायला फुरसत नसते. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, तोही झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, आणि देठासकट, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. मग प्रतवारी, पेट्या, गाडी, वाशी बाजारातल्या दराचे फोन. त्याआधी थंडीभर मोहरावर तुडतुडा येतो म्हणून फवारण्या. त्यांचं बिल त्याच्या खिशात असतंच. त्याला निवांतपणा कधी, तर पावसाळ्यात, फार तर झाडांच्या बुंध्याभोवती चर काढून कल्टार हे मोहरासाठीचं औषध घालण्यापुरतं काम. तेव्हा प्रेम करू द्या त्यांना. जुलैत समुद्रावर फिरता येत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर दोघं घरात सापडतील.

आणि एक प्रसंग माझ्याकडून घ्या. तो आपल्या बागेतला निवडक आंबा तिच्यासाठी आणतो. रंग, वास, सगळं पाहिजे तसं. कापतो, तर आत साका. हापूसचा हा जुना रोग. गर पांढुरका, स्पंजासारखा, आणि बाहेरून त्याचा काही पत्ता लागत नाही. तो ओशाळतो. दुसरा कापतो, त्यातही साका. आता तो काय बोलतो आणि ती काय करते, ते लिहा. बाहेरून सुंदर, आतून दुखावलेलं मन वगैरे मात्र कृपा करून लिहू नका. आंबा ताटलीत आंबाच राहू दे.

तुमचं चांगलंही सांगते. दुसऱ्या प्रकरणात नायिका मोबाइलला रेंज मिळावी म्हणून देवळाच्या पायरीवर जाते आणि तिथे गावातल्या तीन सुना आधीच फोनवर माहेरी बोलत उभ्या असतात. फार छान. तिथे मला पहिल्यांदा गाव दिसलं. त्या तिघींना पुन्हा आणा. घटस्फोट झालेली बाई कुणाच्या मुलाबरोबर बागेत दिसली, याची बातमी त्याच पायरीवरून फुटणार आहे.

चौथ्या प्रकरणात चहा नायिकेने करावा. दूध नासलं तरी चालेल.

प्रश्न : अशा सगळ्या गोष्टी कोकणातच का घडतात? आमच्या मराठवाड्यात माणसं बरी होत नाहीत का?
– एक वाचक, नांदेड

टोला मान्य. लिहिणारे आळशी, हेच कारण. समुद्र ठेवला की अर्धं वर्णन फुकटात होतं. तुम्ही हुरड्यापासून सुरुवात करा. जानेवारीची सकाळ, आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, गुळभेंडी ज्वारीची भाजलेली कणसं आणि तळहातावर चोळून गरम दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत देणं. याहून जवळचा प्रसंग मला तरी सुचत नाही. फक्त नायकाचं लग्न का जमत नाही, हे खरं खरं लिहा. शेती करणाऱ्या मुलाला पोरगी मिळत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात अशा मुलांनी नवरदेवाच्या वेशात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. त्यावर लोक हसले. त्या घोड्यावरून उतरून घरी गेलेल्या मुलाची प्रेमकथा कुणीतरी लिहायला हवी. तुम्हीच का नाही?

प्रश्न : गोष्टीचा शेवट लग्नानेच करावा लागतो का?
– एक वाचक, लातूर

नाही. गडग्यावरून उडी मारून आलेल्या त्या मुलाशी माझं लग्न झालेलं नाही. माझं झालेलंच होतं. तो अजून तिथेच आहे, नातवंडं आहेत, आणि दर वर्षी जूनच्या आधी आगळाची, म्हणजे मीठ घातलेल्या कोकमाच्या रसाची, एक बाटली पाठवतो. आमचे हे त्याची सोलकढी करतात आणि पहिला घोट घेऊन म्हणतात, “यंदा मीठ जास्त पडलंय हं त्याचं.”